करडईचं तेल आणि निळं मडगार्ड

चैत्र अर्धा सरला की हिंगोलीत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पत्रे तापतात, माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं, आणि माझ्यासारख्या रिटायर मास्तरणीला झोपेशिवाय दुसरा उद्योग उरत नाही. यंदा मात्र तीही झोप गेली. समोरच्या घरच्या जावयानं कुठूनशी एक जुनी, बसकी, दोन दारांची गाडी आणलीय. तिला म्हणे रुंद टायर बसवायचेत. मग ते मडगार्डाला घासू नयेत म्हणून रोज दुपारी एक कारागीर येतो, गरम हवेचं यंत्र पत्र्यावर धरतो आणि मडगार्डाच्या आतली कड रूळ फिरवून हळूहळू वर दाबतो. "मॅडम, कंपनीचा रंग आहे, एक चीर पडू द्यायची नाही बघा," जावईबापू मला खिडकीत पाहून कौतुकानं सांगतात. मी मान हलवते. आता ह्यांना काय सांगायचं, की बापू, हे सगळं मी बघून बसलेय, आणि तुमच्या त्या यंत्राशिवाय बघून बसलेय! तापलेल्या रंगाचा वास आला की मी उठून खिडकी लावून घेते. भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसणारी बाई म्हणून गल्लीत माझं नाव झालंय. होऊ दे.

तो उन्हाळा बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा. आम्ही तेव्हा कनेरगाव नाक्याला राहायचो. मी डी.एड. करून घरी आले होते आणि नोकरीची ऑर्डर कधी येते म्हणून रोज रस्त्याकडे डोळे लावून बसायचे. बाबा एका ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आमचं घर गावाच्या कडेला, दोन खणांचं, आणि घरापेक्षा बरं बांधलेलं एक पत्र्याचं शेड त्याच्या बाजूला. घराला दर पावसाळ्यात ठिबक लागायची. शेडचा एकही पत्रा कधी गळला नाही, कारण शेडमध्ये साहेबांची गाडी होती.

साहेब म्हणजे निजामाच्या वेळचे. तेव्हा आमच्या गावात खराच नाका होता, इकडचा माल तिकडच्या वऱ्हाडात जाताना तिथं जकात घ्यायचे. त्या नाक्याचे हे साहेब, आणि बाबा त्यांचे ड्रायव्हर. गाडी दोन सीटांची, वर टप नाही, नाक लांब, चाकांना सायकलीसारख्या तारा. रंग निळा. धुतलेल्या कपड्यांना शेवटी नीळ घालतात, त्या बादलीतल्या पाण्याचा असतो तसा निळा. निजामाचं राज्य बुडालं त्या भाद्रपदात साहेब घाईघाईनं बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या मोठ्या गाडीनं हैदराबादेकडे निघून गेले. जाताना ह्या गाडीची किल्ली बाबांच्या हातात ठेवली.

"काय म्हणाले ते तेव्हा?" मी एकदा विचारलं होतं.

"म्हणायला टाइम कुठं व्हता," बाबा म्हणाले. "किल्ली हातात ठेवली. समजून घ्यायचं असतंय. अमानत हाय ती."

अमानत. दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेली वस्तू. हा एक शब्द आमच्या घरात कुलदैवतासारखा बसला होता. बुद्धाला हात जोडायचे आणि अमानतीला हात लावायचा नाही, असं आम्हां लेकरांचं साधं वळण. बाबा सुट्टीच्या दिवशी शेड उघडायचे, मऊ फडक्यानं गाडी पुसायचे, टाकीत थोडं पेट्रोल ठेवायचे, इंजिन चालू करून जरा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी. त्या सीटवर ते स्वतःसुद्धा टेकून बसत नसत, कडेला चोरासारखे बसत. हे चोरासारखं मी उगाच नाही म्हटलं. गावात बोलणारे बोलायचेच. "साहेब पळाला आन् ह्यानं गाडी हाणली." एकदा तर पोलीस त्यांना चौकीत घेऊन गेले आणि दिवसभर बसवून ठेवलं. शेवटी नाक्यावरच्या जुन्या शिपायानं येऊन सांगितलं, की गाडी साहेबांचीच, ह्यानं रंगसुद्धा बदलला नाही, चोरीची गाडी कुणी त्याच रंगात ठेवतं काय? तेव्हा बाबा सुटले. त्या दिवसापासून तो निळा रंग त्यांचा साक्षीदार झाला. साहेब येतील तेव्हा गाडी ह्याच रंगात त्यांच्या हवाली करायची, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

इथवर ऐकणाऱ्याला बाबांचं कौतुक वाटतं. मला पुढचंही माहीत आहे, म्हणून नुसतं कौतुक करता येत नाही.

मला एक धाकटा भाऊ होता, मिलिंद. बोबडा, गोरापान, सारखा मायच्या पदराला लोंबकळणारा. मी दुसरीत असताना त्याला ताप भरला आणि दुपारी झटके यायला लागले. एस.टी.ची मोटार निघून गेलेली, पुढची संध्याकाळी. माय त्याला उराशी धरून शेडपुढं उभी राहिली. "गाडी काढा," ती म्हणाली. बाबांनी शेडचं दार उघडलं. आत गेले. मी बघत होते, त्यांनी ठोकळ्यांना हात घातला, मग गाडीकडे बघितलं, आणि तसेच बाहेर आले. "ती आपली न्हाई गं," एवढं म्हणाले आणि शेजारच्यांची बैलगाडी जुंपायला धावले. भीती असेल. चौकीतला तो दिवस डोळ्यांपुढं आला असेल. आपल्यासारख्याच्या बुडाखाली असली गाडी दिसली तर रस्त्यात कोण अडवेल, ही धास्ती असेल. बैल पळवून पळवून फेसाळले. दवाखाना हिंगोलीत, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. ते फाटक दिसायला लागलं आणि फाटक बंद होतं. मिलिंद तिथंच गेला. फाटक उघडल्यावर माय म्हणाली, "आता काहून पुढं जायचं?" आणि बैलगाडी तिथूनच फिरली.

ह्यावर आमच्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. माय फक्त कधीतरी भाकरी थापता थापता म्हणायची, "टाकीत पेट्रोल व्हतं. मला ठाऊक हाय." बाबा ताटावरून उठायचे. पुढं पुढं तेही थांबलं. पण बाबा गाडी आणखी जास्त पुसायला लागले, हे माझ्या लक्षात आहे. ती परत करताना तिला काही झालेलं असलं, तर मिलिंद कशासाठी गेला ह्याला त्यांच्याजवळ उत्तरच उरणार नव्हतं.

आणि त्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या एका वकिलाकडून निरोप आला, की साहेब येताहेत. म्हातारे झालेत, आईवडलांच्या कबरींवर एकदा फुलं घालायची आहेत, नाक्यावरही येऊन जातील.

बाबांचं खाणंपिणं सुटलं. साहेबांना गाडी चालती द्यायची! ढकलत द्यायची ही कसली अमानत? इंजिन ठीक होतं, पण टायर पार सडलेले, बोट लावलं तर भुगा पडायचा. त्या मापाचे टायर आता कुठंच मिळेनात. हिंगोलीचे इस्माईल मिस्तरी पत्र्याच्या कामात नावाजलेले आणि तोंडानं त्याहून जास्त. त्यांनी जीपचे टायर कसेबसे बसवले. ते अंमळ रुंद. रिकामी गाडी ठीक चालली, पण माणसं बसली की गाडी दबणार आणि मागचं टायर मडगार्डाच्या आत वळलेल्या कडेला घासणार. हे बघायचं कसं, तर त्या सीटवर कुणी बसायला तयार नाही! बाबा नको म्हणतात, माय तिकडं फिरकत नाही. शेवटी ज्वारीची पोती आणून दोन्ही सीटांवर ठेवली आणि गाडी ढकलली. खर्रर्र, असा आवाज आला की अंगावर काटाच. माझ्या मायच्या आधी त्या सीटवर ज्वारी बसली, हे मी पुढं कित्येकदा हसून सांगितलंय. हसू येतं खरं, पण पुरतं येत नाही.

"कड काट देता मैं, छन्नी मारी तो एक घंटे का काम," मिस्तरी म्हणाले.

"काटायची न्हाई. रंग उडंल."

"तो ठोकता."

"ठोकायची बी न्हाई. रंगाला चीर पडंल."

"तो क्या फूंक मारूं, भाई?"

मिस्तरींनी पान थुंकलं, मडगार्डाखाली डोकं घालून पडून राहिले, आणि मग त्यांनीच तोड काढली. कड आतल्या आत वर मुडपायची, पण सावकाश. जुना रंग थंड असला की कडक असतो, तडकतो. तापला की जरा लवतो. शेगडी नको, ष्टोव्हचा जाळ नको, रंग भाजेल. भर उन्हात गाडी उभी करायची, कडेवर गरम पाण्याच्या घड्या ठेवायच्या, मग टायर आणि कड ह्यांच्या मधल्या फटीत एक गोल लाकूड घालायचं आणि गाडी बोटबोट पुढंमागं ढकलायची. चाक फिरलं की लाकूड फिरणार, फिरता फिरता कड दाबत जाणार. "पण रंग एकदम नरम पाहिजे," जाता जाता ते म्हणाले आणि दुसऱ्या कामाला हिंगोलीला निघून गेले. आठवड्यानं येतो म्हणाले.

हेच वाक्य नडलं. नरम म्हटल्यावर आमच्या माणसाला काय सुचणार? तेल! आणि आमच्याकडे तेल म्हणजे करडईचं. घाण्यावरून नवं तेल नुकतंच आलं होतं, सगळ्या घराला तोच वास. चप्पल कडक झाली, करडईचं तेल. बैलाची शिंगं, दाराची बिजागरी, लेकराची टाळू, सगळ्याला तेच. बाबांनी रोज सकाळ-संध्याकाळ चारी मडगार्डांना तेल चोपडलं. किती मायेनं! बोटांनी गोल गोल जिरवत होते. मला त्यांनी सांगितलंही, "बघ, मिस्तरी येईस्तोवर लोण्यावानी हुईल रंग."

चैत्राचं ऊन आणि करडईचं तेल. तेल जिरलं नाही, आटलं. त्याची पिवळी, चिकट साय धरली, तीवर रस्त्याची धूळ बसली आणि ती वाळली. गाडी निळी आणि चारही मडगार्डं शेवाळ्यासारखी हिरवट, अगदी नंतर दुसरीकडून रंगवून बसवल्यासारखी. मिस्तरी आले आणि कपाळावर हात मारून खालीच बसले. "ये क्या करके रखा रे बाबा! ये तेल तो रंगवाले रंग में मिलाते, सूखने के वास्ते! अब घासलेट लगाया तो नीचे का रंग भी हाथ में आता."

बाबांचा चेहरा मला आजही बघवत नाही. ते नुसता हात फिरवत राहिले त्या चिकट पत्र्यावर, आणि हाताला धूळ लागत राहिली. मला वाटलं हा माणूस आता रडेल, आणि मला ते सोसलं नसतं. पंचवीस-सव्वीस वर्षं जपलेला साक्षीदार त्यांनी स्वतःच्या हातानं फिरवला होता, तोही प्रेमापोटी. साहेब चार दिवसांवर आले होते.

तेव्हा माय उठली. मिलिंद गेल्यापासून तिनं त्या शेडचा उंबरा ओलांडला नव्हता. तिनं परातीत हरभऱ्याचं पीठ घेतलं, कोमट पाण्यात कालवलं आणि गाडीजवळ मांडी घालून बसली. तान्ह्या लेकराला मालीश केल्यावर आपण अंगचं तेल पीठ लावून काढतो, तसं ती एकेक मडगार्ड चोळायला लागली. नख लागू न देता, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून आडवा हात धरतात तसा हात धरून. मी म्हटलं, "माय, तू काहून करून राहिलीस हे?"

"जाऊ दे तिला डाग न लागता तिच्या घरी," ती म्हणाली. "आपल्या दारातून एकदाची जाऊ दे."

तीन दुपारी ती चोळत होती. पिवळेपण बरंच गेलं, सगळं नाही. कडांना, वळणांना राहिलंच. मग शेवटच्या दुपारी मिस्तरींनी काम धरलं. मायनं आमचं मुसळ आणून दिलं, त्याला तिचं जुनं नऊवारी लुगडं घट्ट गुंडाळलं. ती घड्या गरम पाण्यात पिळून देत होती, मी त्या कडेवर ठेवत होते, बाबा समोरून ढकलत होते आणि मिस्तरी जमिनीवर आडवे पडून ओरडत होते, "हल्लू! अरे हल्लू! बस! पीछे!" उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मुसळ कुरकुरलं की चौघांचाही श्वास थांबायचा, की हा लाकडाचा आवाज की रंगाचा? कड भाकरीच्या काठासारखी हळूहळू मुडपत गेली. संध्याकाळी मिस्तरींनी आरसा आत घालून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "नहीं फटा, भाई. एक बाल भी नहीं."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. काठी टेकत जीपमधून उतरले, खूप वाळलेले, पांढरी दाढी. बाबा ट्रकवरची खाकी धुऊन घालून उभे होते. दोन्ही हातांत किल्ली. मान खाली. "साहेब, आपली अमानत," ते म्हणाले. "रंगाला थोडं तेल लागलं. माझी गलती हाय. बाकी जशीच्या तशी हाय बघा."

साहेबांनी गाडीकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग परत गाडीकडे. ओळख पटायला त्यांना जरा वेळच लागला.

"अरे, ये अब तक है?" ते म्हणाले. "मैं तो भूल भी गया था. कौन सी अमानत, बाबा? मैं तो तेरेकू देके गया था. जान लेके निकल रहे थे हम लोग, गाड़ी का होश किसको था? सोचा, तेरे बालबच्चों के काम आएगी."

भले माणूस होते ते. खोटं बोलले नाहीत, कशाची घमेंड दाखवली नाही. मडगार्डावर त्यांनी हात ठेवला, बोटांना चिकट लागलं तसं रुमालानं पुसलं. आता गुडघे वाकत नाहीत, मी काय करू हिचं, म्हणून हसले. मला "खुश रहो, बेटी" म्हणाले, मायच्या हातचं पाणी प्यायले आणि गेले. त्यांना मिलिंद माहीत नव्हता. कुणी सांगितलंही नाही. काय सांगणार? मला त्या क्षणी त्यांचा राग आला, बाबांचा आला, त्या निळ्या रंगाचा तर इतका आला, की वाटलं दगड घेऊन ओरखडे काढावेत. अमानत नव्हतीच. ती आमचीच होती. टाकीत पेट्रोल होतं तेव्हाही आमचीच होती.

बाबा चाकाशेजारी जमिनीवर बसले होते. किल्ली तशीच दोन्ही हातांत, द्यायला धरलेली. कुणाला द्यायची हे त्यांना कळत नव्हतं बहुतेक.

माय दाराआडून सगळं ऐकत होती. ती आत गेली. मला वाटलं आता हंबरडा फोडेल, बाबांना बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढेल. मी तयारच होते. ती बाहेर आली तेव्हा तिनं धडकं लुगडं नेसलेलं होतं, केस विंचरलेले, पदर डोक्यावरून घेतलेला. ती गाडीजवळ गेली. दार कसं उघडतात तिला ठाऊक नव्हतं, दोनदा चुकली, मग उघडलं, आणि सीटवर नीट, टेकून बसली.

"चला," ती बाबांना म्हणाली.

"कुठं?"

"दवाखान्यात."

बाबा घाबरून उठले. "काय होऊन राहिलं तुला?"

"मला काय हुतंय! फाटकाच्या पल्याड न्या. आमी तिथवर पोचलोच न्हाई कधी."

बाबांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग पलीकडून येऊन बसले, तेही टेकून. गाडी सुरू झाली. सीटा दोनच, म्हणून मी दारातच राहिले. रस्त्याला लागताना गाडी खड्ड्यातून गेली, मागची बाजू दोघांच्या वजनानं खाली दबली, आणि मी जीव कानात आणून ऐकत राहिले. टायर कुठंच घासलं नाही.